ही गोळी कशावर?

अमेरिकेतल्या वेदना-उपचार केंद्रांत येणाऱ्या 613 रुग्णांना एका प्रश्नावलीत मध्येच एक साधा प्रश्न होता: औषधाची तलफ येते का, आणि येत असेल तर किती वेळा? उत्तरं ‘कधीच नाही’पासून ‘अगदी वारंवार’पर्यंत. हे सगळे पाठ, मान, सांधे किंवा नसांच्या जुनाट दुखण्यासाठी ओपिऑइड, म्हणजे अफूच्या कुळातली औषधं घेणारे. कर्करोगाचे रुग्ण यात नव्हते. 55 टक्के लोकांनी ‘कधीच नाही’वर खूण केली. उरलेल्या 45 टक्क्यांनी कमी-जास्त प्रमाणात तलफ येते असं कबूल केलं, आणि पुढच्या सहा महिन्यांत गोळ्यांच्या बाबतीत काहीतरी गडबड करण्याचं प्रमाणही याच गटात जास्त निघालं: ठरल्यापेक्षा जास्त घेणं, वेळेआधी संपवणं, लघवीच्या तपासणीत भलतंच काही सापडणं. अजय वासन आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास 2009 साली प्रसिद्ध झाला.

यातला ‘तलफ’ हा शब्दच डॉक्टरमंडळींना खटकणारा होता. तलफ व्यसनी माणसाला येते, रुग्णाला दुखतं, अशी वाटणी तोवर सोयीची झाली होती. ती सोय कुठून आली हेही थोडक्यात सांगायला हवं. 1980 साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये जेन पोर्टर आणि हर्शेल जिक यांचं पाच वाक्यांचं एक पत्र छापून आलं. रुग्णालयात दाखल असताना अशी औषधं मिळालेल्या 11,882 रुग्णांपैकी फक्त चौघांना व्यसन लागल्याची नोंद सापडली, एवढाच त्यातला मजकूर. दाखल रुग्ण, थोडे दिवस, नर्सच्या हातून औषध. पण पुढची अनेक वर्षं हे पत्र ‘दुखणाऱ्या माणसाला व्यसन लागत नाही’ याचा पुरावा म्हणून फिरत राहिलं. 2017 पर्यंत सहाशेहून अधिक शोधनिबंधांनी त्याचा हवाला दिलेला होता. दरम्यान 1996 साली पर्ड्यू फार्माची ऑक्सिकॉन्टिन ही ओपिऑइड गोळी बाजारात आली, आणि व्यसनाचा धोका कमी असल्याचं सांगून ती वर्षानुवर्षं कंबरदुखीपासून सगळ्यावर खपवली गेली. 2007 साली कंपनीने दिशाभूल केल्याचा गुन्हा न्यायालयात कबूल केला. 2017 या एका वर्षात अमेरिकेत ओपिऑइडच्या अतिमात्रेने 47 हजारांहून अधिक माणसं दगावली, अर्थात तोवर त्यात बेकायदा फेंटानिल या कडक ओपिऑइडचा वाटा मोठा झाला होता.

मग सगळेच रुग्ण व्यसनी होतात का? नाही. 2015 साली केव्हिन व्हाउल्स आणि सहकाऱ्यांनी उपलब्ध अभ्यास एकत्र करून अंदाज बांधला, त्यात जुनाट दुखण्यासाठी ही औषधं घेणाऱ्यांपैकी साधारण 8 ते 12 टक्क्यांना व्यसन लागल्याचं दिसलं, आणि 21 ते 29 टक्के लोक औषध सांगितल्याप्रमाणे घेत नव्हते. म्हणजे बहुसंख्य रुग्ण नीट वागतात. प्रश्न उरतो तो असा, की त्याच औषधाने, तशाच दुखण्यात एकाला गोळीची आठवणही येत नाही आणि दुसऱ्याचं लक्ष दिवसभर डबीत राहतं, हे कशामुळे?

पहिलं उत्तर सुचतं ते हे, की ज्याला जास्त दुखतं त्याला जास्त तलफ. थोडंफार खरं आहे, पण थोडंफारच. मॉन्ट्रियलच्या मार्क-ऑलिव्हिए मार्टेल आणि बॉस्टनच्या रॉबर्ट जेमिसन यांच्या गटाने यावर बराच काळ काम केलं, आणि त्यांच्या अभ्यासांतून वारंवार दोन गोष्टी वर आल्या. एक, रुग्णाची मनःस्थिती: खिन्नता, चिडचिड, काळजी. दुसरी, आपल्या दुखण्याबद्दल तो स्वतःशी काय बोलतो ते. दुखण्याची तीव्रता हिशेबातून वेगळी काढली तरी या दोन गोष्टींचा परिणाम उरतो.

दुसरी गोष्ट मोजायला एक प्रश्नावली आहे. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ मायकेल सलिव्हन यांनी ती 1995 साली तयार केली. तेरा वाक्यं, आणि प्रत्येकापुढे शून्य ते चार गुण. त्यांत तीन प्रकारचे विचार पकडलेले आहेत. डोक्यातून दुखणं जातच नाही, सतत तोच विचार. दुसरा, यातून काहीतरी भयंकर निघेल अशी धास्ती. आणि तिसरा, आता माझ्या हातात काही उरलेलं नाही ही हतबलता. आपल्याकडे मणक्याचा एमआरआय हातात घेऊन बसलेला पन्नाशीतला माणूस आठवा. त्यात लिहिलेलं असतं की चकती थोडी सरकली आहे, जे त्याच्या वयाच्या कित्येक न दुखणाऱ्या लोकांतही सापडतं. तो मात्र शेजारच्या कुणाचं तरी ऑपरेशन, कुणाचा तरी अंथरुणाला खिळलेला काका, नोकरी, मुलीचं लग्न, असं सगळं त्या एका ओळीतून वाचत असतो. त्याचं दुखणं खरंच असतं, ते ‘मनाचे खेळ’ नसतात. पण या वाचनामुळे ते वाढतं, आणि गोळीचा अर्थही बदलतो. ती आता दुखणं कमी करणारी वस्तू राहत नाही, येऊ घातलेल्या संकटाविरुद्धची तरतूद होते.

म्हणून जुनाट दुखण्यातले बरेच लोक दुखल्यावर गोळी घेत नाहीत, दुखेल म्हणून घेतात. बाहेर जायचंय, घ्या एक. पाहुणे येणार आहेत, घ्या एक. उन्हाळ्यात टँकर येईल की नाही याची खात्री नसली की घरातली सगळी भांडी भरून ठेवली जातात, तहान लागलेली नसताना, तसाच हा प्रकार. डबीतल्या गोळ्या पुन्हा पुन्हा मोजणं हे याचंच लक्षण. व्यसनाच्या तराजूत हे वागणं संशयास्पद दिसतं, आणि भीतीच्या बाजूने पाहिलं तर अगदी तर्कशुद्ध.

हा पेच डॉक्टरांनाही जुना आहे. 1989 साली डेव्हिड वाइसमन आणि डेव्हिड हॅडॉक्स यांनी ल्युकेमिया झालेल्या सतरा वर्षांच्या एका मुलाची हकिकत लिहिली. तो औषधासाठी आरडाओरडा करी, कर्मचाऱ्यांना तो नशेखोर वाटू लागला. प्रत्यक्षात त्याला दिलं जाणारं औषध अपुरं होतं. त्यावरून त्यांनी ‘छद्म-व्यसन’ अशी संकल्पना मांडली: वागणं व्यसन्यासारखं, कारण मात्र न भागलेलं दुखणं. एका मुलाच्या बाबतीत हे अचूक होतं. पुढे मात्र औषध विकणाऱ्यांनी त्याचा सरसकट अर्थ काढला, की रुग्ण जास्त मागतोय ना, मग डोस वाढवा. एकाच केसवर एवढा डोलारा उभा राहिल्याची उदाहरणं वैद्यकशास्त्रात फार नसावीत.

तलफेची दुसरी वाट शिकण्यातून जाते. केंटकीतल्या लेक्सिंग्टनला 1935 साली अमेरिकन सरकारने व्यसनी लोकांसाठी अर्धं तुरुंग, अर्धं रुग्णालय असलेली संस्था सुरू केली होती. तिथे अब्राहम विक्लर नावाचे डॉक्टर होते. त्यांच्या लक्षात आलं, की ज्यांच्या शरीरात कित्येक महिने मॉर्फिनचा कण नाही असे लोक गटचर्चेत नशेच्या गोष्टी निघाल्या की जांभया देऊ लागतात, त्यांच्या नाका-डोळ्यांतून पाणी येतं. मुंबईत गर्दुल्ल्यांच्या बोलीत ज्याला ‘टर्की’ म्हणतात, ती औषध सुटल्यावरची अवस्था नुसत्या आठवणीने परत येत होती. शरीराने जागा, वेळ, माणसं, गप्पा यांची औषधाशी गाठ मारून ठेवलेली असते.

आता याला व्हिएतनामची गोष्ट जोडून पाहू. 1971 च्या सुमारास तिथल्या अमेरिकन सैनिकांत हेरॉइनचा सुळसुळाट झाला होता. ली रॉबिन्स या समाजशास्त्रज्ञ बाईंनी परतलेल्या सैनिकांचा माग काढला. तिथे असताना साधारण पाचातला एक व्यसनाधीन होता. परतल्यावर पहिल्या वर्षात त्यांच्यापैकी फक्त 5 टक्क्यांच्या आसपास लोक पुन्हा व्यसनात सापडले. याची कारणं अनेक असतील, पण एक ढोबळ कारण असं, की ज्या गोष्टींनी तलफ जागी होई त्या सगळ्या समुद्रापलीकडे राहिल्या. आपल्याकडेही व्यसनमुक्ती केंद्रातून घरी जाणाऱ्याला जुने मित्र, जुना नाका टाळायला सांगतात ते यासाठीच.

जुनाट दुखण्याच्या रुग्णाला ही सोय नाही. त्याचा नाका त्याच्या पाठीतच आहे. दुखणं आलं, गोळी घेतली, बरं वाटलं, असं हजार वेळा झालं की दुखणं हीच तलफेची घंटा बनते. मग नेमकं काय होतंय हे त्याचं त्यालाही सांगता येत नाही: दुखतंय म्हणून गोळी हवी, की गोळी हवी म्हणून दुखण्याकडे लक्ष गेलं? बरं, यात शरीर आणखी एक गुंता घालतं. कमी वेळ टिकणाऱ्या औषधाचा असर उतरू लागला की अंग दुखतं, अस्वस्थ वाटतं, झोप मोडते. ही लक्षणं बहुतांशी औषध उतरल्याची असतात, पण रुग्ण ती मूळ दुखण्याच्या खात्यावर टाकतो. पुढची गोळी घेतली की ती जातात, आणि ‘बघा, हिच्याशिवाय चालतच नाही’ हे पक्कं होतं. दीर्घकाळ घेतल्यास काही जणांत ही औषधं मज्जासंस्था उलट जास्त हळवी करतात आणि पूर्वी न दुखणाऱ्या गोष्टीही दुखू लागतात. एवढं सगळं चक्र चालू असताना माणूस खोटं बोलत नसतो. त्याला दुखतंच.

इथे एक फरक पाळायला हवा, कारण घरातले लोक नेमके त्यात चुकतात. रोज काही आठवडे ओपिऑइड घेणाऱ्या कुणाचंही शरीर त्याला सरावतं, आणि अचानक बंद केलं तर त्रास होतोच. हे शरीराचं अवलंबित्व. नुकसान होतंय हे दिसत असूनही थांबवता न येणं, औषधाभोवती सगळं आयुष्य फिरू लागणं, हे व्यसन. तलफ दोन्हींत असू शकते.

मनःस्थितीबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण मला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच वाटतो. आपल्या मेंदूत स्वतःची अफू असते. 1975 साली ॲबर्डीनमध्ये जॉन ह्यूज आणि हान्स कोस्टरलिट्झ यांनी एन्केफॅलिन ही अशी पहिली द्रव्यं शोधून काढली. ही व्यवस्था शारीरिक वेदनेपुरती नाही. याक पँकसेप यांनी आईपासून दूर केलेल्या कुत्र्याच्या पिल्लांना अगदी थोडं मॉर्फिन दिलं, तर त्यांचं केकाटणं थांबलं. कुशीत घेणं, सोबत, आधार यांच्याशी ही रसायनं निगडित आहेत. तेव्हा बाहेरून घेतलेली गोळी कंबरेपुरती काम करून थांबेल अशी अपेक्षा मुळातच चूक आहे. ती कंबरेवर काम करते आणि सुनेशी झालेल्या भांडणावरही. एकटेपणावर, नोकरी गेल्याच्या अपमानावर, रात्री तीन वाजता जाग येण्यावरही. रुग्णाला हे कुणी शिकवत नाही. पाठ दुखायची थांबली त्यासोबत छातीतला दगडही हलका झाला, एवढं त्याच्या लक्षात राहतं. पुढच्या वेळी छातीत दगड आला की हात डबीकडे जातो. झोप नीट न झालेल्या रात्रीनंतरच्या दिवशी तलफ वाढते, असं दैनंदिनी लिहून घेतलेल्या अभ्यासांत दिसलं आहे, आणि त्याचा रस्ता बिघडलेल्या मूडमधून जातो.

यात एक क्रूर विसंगती आहे. खिन्न, चिंताग्रस्त रुग्णांना या औषधाची ओढ जास्त. पण दुखण्यावर गुण मात्र त्यांनाच कमी. तलफेचा अभ्यास करणाऱ्या अजय वासन यांनीच 2015 साली कंबरदुखीच्या रुग्णांचा असा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात मानसिक त्रास जास्त असलेल्या गटाला ओपिऑइडने मिळालेला आराम दुसऱ्या गटाच्या साधारण निम्माच होता, आणि औषधाचा गैरवापर जास्त. तरीही प्रत्यक्षात लांब मुदतीचं आणि जास्त डोसचं औषध याच लोकांच्या वाट्याला येतं. सिॲटलचे मार्क सलिव्हन (प्रश्नावलीवाले नव्हेत, हे दुसरे) ज्याला ‘उलटी निवड’ म्हणतात तो हा प्रकार. का होतं असं? कारण असा रुग्ण जास्त कळवळून सांगतो, पुन्हा पुन्हा येतो, आणि डॉक्टरकडे दहा मिनिटं असतात. दहा मिनिटांत लिहून देता येईल अशी एकच गोष्ट असते.

दुखणं कमी करण्याचा दावाही आपण समजतो तेवढा भक्कम नाही. मिनिॲपोलिसला एरिन क्रेब्स यांनी पाठदुखी किंवा गुडघा-खुब्याची झीज असलेल्या 240 माजी सैनिकांना दोन गटांत वाटलं, एकाला ओपिऑइड, दुसऱ्याला पॅरासिटामॉल आणि सूज उतरवणाऱ्या गोळ्यांसारखी साधी औषधं. वर्षभर पाठपुरावा केला. 2018 साली निकाल आला: हालचाल, कामकाज यांत दोन्ही गट सारखेच, आणि दुखण्याच्या गुणांत साध्या औषधांचा गट किंचित बरा.

आणि गोळीतलं रसायन एकटं काम करत नाही, हेही दिसलेलं आहे. उलरिके बिंगेल यांचा 2011 सालचा प्रयोग वाचण्यासारखा आहे. 22 निरोगी लोकांच्या पोटरीला चटका देणारं यंत्र लावलं आणि शिरेतून रेमिफेंटानिल हे कडक ओपिऑइड देण्याची सोय केली. सुरुवातीला दुखणं शंभरपैकी 66. त्यांना न सांगता औषध चालू केलं, 55 वर आलं. मग ‘आता औषध सुरू करतोय’ असं सांगितलं, खरं तर ते चालूच होतं, तर 39. शेवटी ‘औषध बंद केलंय, आता दुखणं वाढू शकतं’ असं खोटंच सांगितलं, आणि पूर्ण डोस शिरेतून जात असताना दुखणं 64 वर गेलं. नुसत्या धास्तीने जवळजवळ सगळं औषध वाया. ‘गोळी संपली तर मी मरेन’ असं मानणाऱ्या माणसाच्या शरीरात रोज काय होत असेल, याचा अंदाज यावरून करता येतो.

उपाय म्हणून जे काही चाललं आहे त्यात मला एरिक गार्लंड यांचं काम सर्वांत नेमकं वाटतं. युटा विद्यापीठात असताना त्यांनी आठ आठवड्यांचा एक गट-कार्यक्रम बसवला. सजगतेचे, म्हणजे आपल्याकडे विपश्यना-ध्यान म्हणून ओळखीचे असलेले सराव त्यात आहेत. पण ते अध्यात्म म्हणून शिकवत नाहीत. एका सरावात हातात चॉकलेट देतात. ते नाकाजवळ, ओठांजवळ धरायचं, खायचं नाही, आणि तोंडाला पाणी सुटणं, हात पुढे जाणं, ‘खाऊन टाक’ हा विचार, सगळं येताना आणि ओसरताना पाहायचं. तलफ ही लाट आहे, हुकूम नाही, हे तिथे भाषणाने न सांगता जिभेवर कळतं. दुसऱ्या सरावात ‘दुखतंय’ हा एकसंध गोळा फोडायचा: इथे गरम, इथे आवळल्यासारखं, इथे मुंग्या, आणि इथे, याच पाठीत, काहीच नाही. आणि तिसरा भाग सुखाचा आहे. बराच काळ ही औषधं घेतल्यावर साध्या आनंदाची चव बोथट होते, म्हणून एखादं फूल, नातवंडाचं हसू, जे काही असेल ते मुद्दाम थांबून अनुभवायचं. सगळ्यात मला आवडलेली सूचना अगदी छोटी आहे: प्रत्येक गोळीआधी तीन मिनिटं श्वासाकडे लक्ष देऊन बसायचं आणि स्वतःला विचारायचं, ही दुखण्यावर घेतोय की तलफेवर? दुखण्यावर असेल तर खुशाल घ्यायची. 2022 साली 250 रुग्णांवरच्या चाचणीचे निकाल आले. नऊ महिन्यांनी या गटातल्या 45 टक्के लोकांचा गैरवापर थांबला होता, आणि नेहमीच्या आधारगटात 24.4 टक्के लोकांचा. पंचावन्न टक्के लोकांत नाही थांबला हेही त्याच आकड्यात आहे.

उलट टोकाचा अनुभव अमेरिकेने याच काळात घेतला. मृत्यूंचे आकडे पाहून डॉक्टर हादरले, 2016 साली सरकारी मार्गदर्शक सूचना आल्या, आणि कित्येक ठिकाणी वर्षानुवर्षं गोळ्या घेणाऱ्यांचं औषध एकदम तोडलं गेलं. परिणामी त्रास, निराशा, आत्महत्येचे विचार, आणि काही जण रस्त्यावरच्या फेंटानिलकडे वळले. 2019 साली तिथल्या औषध प्रशासनाने औषध एकाएकी बंद करू नका असा इशारा दिला, आणि 2022 च्या सुधारित सूचनांत हळूहळू, रुग्णाला सोबत घेऊन कमी करण्यावर भर आला. भीतीतून तलफ वाढते हे लक्षात घेतलं तर यात नवल नव्हतं. औषध हिसकावून घेणं म्हणजे रुग्णाची सगळ्यात मोठी भीती खरी करून दाखवणं.

आपल्याकडचं चित्र वेगळं आहे. 1985 च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याने मॉर्फिन एवढं कडीकुलपात ठेवलं, की कर्करोगाने तळमळणाऱ्यालाही ते मिळणं दुरापास्त झालं. 2014 च्या दुरुस्तीने वाट थोडी मोकळी केली, तरी जिल्ह्याच्या गावात ते मिळेलच असं नाही. तिथे व्यसनाच्या धास्तीने औषध नाकारणं हा अन्याय आहे, आणि या लेखातलं काहीही त्या नकारासाठी वापरू नये. दुसऱ्या बाजूला ट्रामाडॉल ही ओपिऑइड गोळी बरीच वर्षं कंबरदुखी, गुडघेदुखीवर सहज लिहून दिली जात होती. 2018 साली तीही एनडीपीएसखाली आली. व्यसन म्हटलं की महाराष्ट्राच्या डोळ्यांपुढे अजून 1980 च्या दशकातला गर्द, अनिल अवचटांचं लिखाण आणि पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र येतं. निवृत्त मास्तर किंवा शिवणकाम करून मान धरलेली बाई त्या चित्रात बसत नाहीत, म्हणून त्यांना कुणी विचारतच नाही, आणि विचारलं तर ‘मी काय गर्दुल्ली आहे का’ म्हणून त्या दुखावतात.

विचारायची पद्धत बदलता येते. ‘सवय लागली का?’ याला उत्तर ‘नाही’च येतं. ‘शेवटची गोळी घेतलीत तेव्हा घरात काय चाललं होतं?’ असं विचारलं तर माणूस बोलू लागतो. झोप, भांडण, एकट्याची दुपार, सगळं त्यातून निघतं. यासाठी मानसोपचारतज्ज्ञच हवा असं नाही, फॅमिली डॉक्टरला जमतं, फिजिओथेरपिस्टला जमतं, घरातल्या जाणत्या माणसालाही जमतं. गोळी कमी करायची वेळ आली तर मात्र ती डॉक्टरच्या देखरेखीखाली, थोडी थोडी, आणि पुढची पायरी कधी उतरायची हे रुग्णाला आधी सांगून.